घरात दमा आहे तर मुलांसाठी काय करायचं: आधी वंशावळ काढा, टेस्टचं नंतर बघू

छातीच्या ओपीडीत स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसं तपासायची टेस्ट) करताना एक प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो, "आमच्या घरातच दमा आहे, मग मुलाला होणारच ना?" विचारणारी बहुतेक वेळा आई असते, कडेवरचं मूल खोकत असतं आणि ती मनातल्या मनात स्वतःला दोष देत असते की माझ्याकडूनच गेलं हे त्याला. हल्ली जोडीला दुसरा प्रश्न पण येतो, की ती लाळेची जीन टेस्ट ऑनलाइन मिळते ती करून घेऊ का. तर हे सगळं त्या आयांसाठी, आणि ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या कुणी ना कुणी रात्री उठून बसतंय त्या सगळ्यांसाठी. माझं म्हणणं सरळ आहे, टेस्टवर पैसे घालायच्या आधी एक मोठा कागद घ्या आणि घरातल्या श्वासाच्या आजारांची वंशावळ नीट काढा. तुमच्याकडे नेहमीचा दमा आहे, का धुराने खराब झालेली फुप्फुसं आहेत, का भलताच एखादा आजार दम्याच्या नावाखाली पिढ्यानपिढ्या चाललाय, हे त्या कागदावरून जेवढं कळतं तेवढं आजच्या घडीला लाळेच्या टेस्टवरून कळत नाही.

आनुवंशिक म्हणजे नक्की किती

दमा घराण्यात चालतो हे खरंच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. जुळ्यांवर जे अभ्यास झाले त्यांत दम्यातला आनुवंशिकतेचा वाटा कुठे ३५ टक्के निघाला तर कुठे ९५ टक्के, बहुतेक ठिकाणी निम्म्याच्या वरच. आईला दमा असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण तिप्पट आणि वडिलांना असेल तर अडीच पटीच्या आसपास वाढते, असं बऱ्याच अभ्यासांची मोजदाद एकत्र करून निघालंय. आता तिप्पट ऐकलं की पोटात गोळा येतो, पण जरा हिशोब करून बघा, समजा एखाद्या गावात शंभरातल्या पाच मुलांना दमा होत असेल तर दमेकरी आयांच्या शंभर मुलांत तो पंधराएक मुलांना होईल, म्हणजे पंच्याऐंशी मुलांना होणार नाही. हा दुसरा आकडा कोणी सांगतच नाही.

आणि एकच कुठलातरी "दम्याचा जीन" असतो असंही नाही. २००७ साली सतराव्या गुणसूत्रावर ओआरएमडीएल३ नावाच्या जीनच्या आसपासचा एक पट्टा सापडला, लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी त्याचं नातं पुढे पुन्हा पुन्हा सिद्ध झालं. मग आयएल३३, टीएसएलपी अशी बरीच नावं पुढे आली, श्वासनळीच्या अस्तराला काही इजा झाली की शरीराला धोक्याची सूचना देणारे हे रेणू. २००६ मध्ये फिलाग्रिन या कातडीच्या प्रोटीनच्या जीनमधले बिघाड इसबाशी जोडले गेले, आणि मग ज्या बाळांना आधी इसब होतं त्यांना पुढे शिंका आणि दमा का होतो त्याचा एक धागा मिळाला, कारण कातडीचा बांध कच्चा असला की ॲलर्जीच्या वस्तू तिथूनच आत जाऊन शरीराला चिडवून ठेवतात. यातला प्रत्येक जीन आपला थोडाथोडा भार टाकतो, एकटा कुठलाच दमा आणत नाही.

त्या सतराव्या गुणसूत्राच्या पट्ट्याबद्दल एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे. त्या पट्ट्यातला दम्याशी जोडलेला फेरफार असलेल्या मुलांच्या आसपास लहानपणी कोणी सिगारेट ओढत असेल तर धोका आणखी वाढतो, आणि साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसने ज्या बाळांची छाती वाजायला लागते त्यांच्यात हा पट्टा जास्त जोर धरतो. म्हणजे जीन आहे तोच, पण घरात धूर आहे का नाही यावर त्याचा जोर ठरतो.

दोन ठिकाणांची गोष्ट सांगते, दोन्ही खरी. दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन डा कुन्हा म्हणून एक इवलंसं ब्रिटिश बेट आहे, १८१६ नंतर तिथे वस्ती झाली, आणि आजचे अडीचशेएक लोक हे पंधरा-सोळा मूळ माणसांचे वंशज. त्या मूळ माणसांतच काही दमेकरी होते. १९६१ ला बेटावर ज्वालामुखी फुटला, सगळ्यांना इंग्लंडला आणलं, तिथल्या डॉक्टरांनी तपासलं तर जवळपास निम्म्या लोकांत दम्याची चिन्हं. पुढे १९९३ मध्ये टोरांटो विद्यापीठाचे डॉ. नो झामेल टीम घेऊन बेटावर गेले आणि घरोघरची वंशावळ आणि रक्ताचे नमुने गोळा केले. बाहेरचं रक्त न येता तेच ते जीन फिरत राहिले की काय होतं ते तिथे दिसलं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची. दोघांचेही पूर्वज मध्य युरोपातले, जीन जवळपास सारखे, मोठी कुटुंबं, घरात सिगारेट नाही, कुत्री-मांजरं फारशी नाहीत. पण शाळकरी मुलांतला दमा आमिशांत ५.२ टक्के आणि हटराइटांत २१.३ टक्के. २०१६ साली यावर अभ्यास छापून आला. फरक इतकाच की आमिश अजून घोड्यांवर शेती करतात, गोठा घराला लागून, पोरं चालायला लागल्यापासून गुरांत, आणि हटराइटांची शेती यंत्रांची, गुरं घरांपासून लांब. आमिशांच्या घरातल्या धुळीत जिवाणूंचं एंडोटॉक्सिन सहा-सात पट जास्त होतं, आणि ती धूळ उंदरांना दिली तर उंदरांना पण दम्यापासून संरक्षण मिळालं. आता यावरून कोणी दमेकरी पोराला गोठ्यात झोपवू नका हं, आधीच दमा असलेल्याला तीच धूळ त्रास देते, आणि आपल्याकडे गोठ्याच्या शेजारी चूल आणि गोवऱ्यांचा धूर असतो तो त्या आमिशांकडे नाही. सांगायचं इतकंच की सारखे जीन असूनही चौपट फरक पडू शकतो.

कागद कसा भरायचा

ए-थ्री साइजचा कागद, नाहीतर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. मुलगा मधोमध खाली, त्याच्या वर आईबाबा, त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा, आणि बाजूला काका, आत्या, मामा, मावशी, त्यांची मुलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. नात्यात लग्न झालेलं असेल, मामाची मुलगी केलेली वगैरे, तर त्या नवरा-बायकोच्या मध्ये एक नाही दोन रेघा, या दोन रेघा फार महत्त्वाच्या आहेत, का ते पुढे सांगते. निदान तीन पिढ्या पाहिजेत. आईकडची बाजू हमखास अर्धवट राहते कारण कागद सासरी भरला जातो, तेव्हा माहेरी एक फोन करा आणि त्या फोनला वेळ द्या.

दमा असलेल्याचा चौकोन किंवा गोल पूर्ण भरा, नुसत्या शिंका नाहीतर इसब असेल तर अर्धा भरा. आणि प्रत्येकाच्या शेजारी बारीक अक्षरात लिहा: त्रास कितव्या वर्षी सुरू झाला, मधे काही वर्षं थांबला होता का, कुठल्या ऋतूत वाढतो, विडी-सिगारेट-मशेरी-तंबाखू, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला, काम काय करायचे, टीबीची औषधं कधी घेतली होती का, मूलबाळ झालं का, आणि वारले असतील तर कितव्या वर्षी आणि कशाने. मूलबाळाचं विचारताना अवघड वाटतं, पण विचारा, त्याचं पण कारण आहे.

विचारायचं कसं हीच खरी अडचण. "तुम्हाला दमा होता का?" असं विचारलं तर निम्मे लोक नाही म्हणतात. मुलीचं लग्न मोडेल म्हणून जे वीस वर्षं लपवलं ते तुमच्या एका फोनवर बाहेर येणार नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना तर निदानच कोणी कधी सांगितलेलं नसतं. म्हणून आजाराचं नाव घेऊच नका, जगण्यातलं विचारा. रात्री उठून उशा लावून बसायची का? जिना चढताना मधे थांबायला लागायचं का? छातीतून सुंई सुंई आवाज यायचा का? घरात डेरीफायलीनच्या गोळ्या असायच्या का, निळा पंप (त्रास झाला की लगेच श्वास मोकळा करणारा) असायचा का, दवाखान्यात नेऊन "वाफ" द्यायला लागायची का? कोजागिरीला दम्याच्या औषधाची खीर खायला कोणाला घेऊन जायचे का, किंवा मृग लागला की हैदराबादला माशाचं औषध घ्यायला कोणी गेलं होतं का? हा शेवटचा प्रश्न विचारला की लोक एकदम बोलायला लागतात, कारण ती ट्रिप सगळ्या घराला आठवत असते, कोण कोण गेलं होतं, कोणासाठी गेलं होतं, आणि तिथेच कळतं की मधल्या काकांना पण त्रास होता.

अजून एक, "लहानपणी बाळदमा होता पण गेला" असं म्हणणारे खूप भेटतील, त्यांचा गोल सुद्धा भराच. लहानपणचा दमा दहा-पंधरा वर्षं गप्प राहून चाळिशीत परत येऊ शकतो, आणि आनुवंशिकतेचा हिशोब करताना तो आजचा दमा असल्यासारखाच धरायचा.

कागद वाचायचा कसा

समजा कागदावर लहानपणी सुरू झालेला त्रास दिसतोय, तीच माणसं किंवा त्यांची भावंडं शिंकतात, कोणाला इसब, कोणाला पावसाळ्याच्या तोंडावर डोळ्यांना खाज, आणि पंपाने आराम पडतो, तर हा बहुतेक नेहमीचा ॲलर्जीचा दमा. यात आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो, आणि उपायही सगळ्यात चांगले यालाच आहेत.

समजा त्रास पन्नाशीनंतरचा आहे, आजोबा विडी ओढायचे, आजीने सगळा जन्म चुलीपुढे काढला, खोकला-कफ बारा महिने, आणि हळूहळू वाढतच गेला, तर तो दमा नसून सीओपीडी, म्हणजे बहुतेक धुराने फुप्फुसं कायमची खराब होण्याचा आजार, असायची शक्यता जास्त. आता तीन पिढ्यांच्या बायका धापा टाकत गेल्या म्हणून सगळे म्हणतात आमच्यात दमा आहे, पण त्या तिन्ही बायका एकाच बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात होत्या हे कोणी बघत नाही. वारशात जीन येतात तशी चूल पण येते, बंबाचा धूर पण येतो, आणि यातली चूल आपल्याला बदलता येते. जगात सीओपीडीचे साधारण पाव ते एक तृतीयांश रुग्ण असे आहेत ज्यांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, आणि आपल्याकडच्या बायका त्यात भरपूर. नुसता धूर पण सगळं ठरवत नाही म्हणा, तितक्याच विड्या ओढणाऱ्या दोन भावांत एकाची फुप्फुसं लवकर जातात, तिथे परत जीन येतात, पण धूरच नसेल तर त्या जीनला फारसं काही करता येत नाही.

कामाचं पण इथेच बघा. भिवंडी-इचलकरंजीचे लूम, विदर्भातलं जिनिंग, बेकरीचं पीठ, पोल्ट्री, खडी क्रशर, गाड्यांचं स्प्रे पेंटिंग, यातलं काही असेल आणि सुट्टीच्या दिवशी श्वास मोकळा वाटत असेल तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा. घरात दमा असलेल्या पोराने आयटीआयला पेंटिंगचा ट्रेड घ्यायच्या आधी हे एकदा घरात बोललं गेलं पाहिजे.

आणि समजा कागदावर असं काही दिसतंय जे या दोन्हीत बसत नाही, तर तिथे थांबा, कारण काही आजार खरोखर एकाच जीनचे असतात आणि ते वर्षानुवर्षं दमा म्हणून नाहीतर टीबी म्हणून चालवले जातात.

सिस्टिक फायब्रोसिस हा त्यातला पहिला. सीएफटीआर नावाचा जीन, १९८९ मध्ये सापडला, सातव्या गुणसूत्रावर. आई आणि वडील दोघांकडे एक-एक बिघडलेली प्रत असते, दोघांना स्वतःला काही होत नाही, आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. खुणा लक्षात ठेवा: बाळाची पापी घेतली की खारट लागतं, शी तेलकट आणि फार घाण वासाची, भरपूर खाऊनही वजन धरत नाही, न्यूमोनिया परत परत. हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे होत नाही, असं बरीच वर्षं समजलं गेलं, त्यामुळे आपल्याकडची मुलं उशिरा सापडतात. तपासणी घामाची असते, घामातलं क्लोराइड ६० च्या वर आलं तर पक्कं समजतात. जीन टेस्ट करताना युरोपात सगळ्यात जास्त दिसणारा जो एक बिघाड आहे तेवढाच बघून चालत नाही, आपल्याकडे तो कमी प्रमाणात सापडतो, म्हणून पूर्ण जीन वाचावा लागतो, हे लॅबला नीट विचारून घ्या.

दुसरा प्रायमरी सिलिअरी डिस्किनेशिया. श्वासनळीत पापण्यांच्या केसांसारखे बारीक, हलणारे तंतू असतात, कफ वर ढकलायचं काम त्यांचं, ते जन्मापासूनच नीट हलत नाहीत. पूर्ण दिवसांचं बाळ असूनही जन्मल्याबरोबर श्वासाचा त्रास, पहिल्या महिन्यापासून नाक चोंदलेलं आणि ओला खोकला जो कुठल्याच ऋतूत थांबत नाही, कान वाहणं. यातल्या निम्म्या मुलांचं हृदय उजवीकडे असतं. मोठेपणी मूल व्हायला अडचण येते, म्हणून कागदावर मूलबाळाचा रकाना ठेवायला सांगितला. सिस्टिक फायब्रोसिसच्या बहुतेक पुरुषांना पण हीच अडचण असते. आणि त्या दोन रेघा, नात्यातलं लग्न, त्या या दोन्ही आजारांसाठी, कारण जवळच्या नात्यात तीच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न अजूनही होतं, त्यात कोणाला नावं ठेवायची नाहीत, पण घरात असा खोकला असलेलं मूल असेल तर पुढच्या लग्नाआधी जेनेटिक काउन्सेलरला (आनुवंशिक आजारांचा सल्ला देणाऱ्याला) भेटलंच पाहिजे असं माझं मत आहे.

तिसरा अल्फा-१ अँटीट्रिप्सिनची कमतरता. १९६३ साली स्वीडनच्या माल्मोमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना रक्ताच्या प्रोटीनच्या पट्ट्यांमधून एक पट्टी काही जणांत गायबच असलेली दिसली, आणि त्यातल्या काहींची फुप्फुसं तरुणपणीच गेलेली होती. हे प्रोटीन फुप्फुसाला स्वतःच्याच पेशींच्या रसापासून वाचवतं. उत्तर युरोपात जास्त, आपल्याकडे दुर्मिळ, पण चाळिशीच्या आसपास सीओपीडी झालेला माणूस, विडी नाही चूल नाही, आणि घरात कोणाला न कळणारा लिव्हरचा आजार, असं कागदावर दिसलं तर एक साधी रक्ततपासणी करून घ्या. ताप किंवा इन्फेक्शन असताना करू नका, तेव्हा पातळी तात्पुरती चढते आणि रिपोर्ट फसवा नॉर्मल येतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी एकदा तरी करा असंच सुचवलंय.

मग ती लाळेची टेस्ट

वरच्या तिन्ही आजारांत जीन टेस्ट खरंच उपयोगी आहे, पण ती डॉक्टरने मागितलेली, ठरावीक जीनची. "तुमचा दम्याचा धोका अमुक टक्के" असं सांगणारा ऑनलाइन रिपोर्ट मात्र मी कोणालाच सुचवत नाही. एकतर ते आकडे ज्या अभ्यासांवर उभे आहेत त्यातले बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांवरचे आहेत, आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० लोकांचे जीनोम वाचून झालेत पण त्यावरून दम्याचा धोका सांगणं अजून लांब आहे. आणि दुसरं, रिपोर्ट काहीही आला तरी करायचं तेच आहे, धूर बंद, लक्ष ठेवा, त्रास झाला तर वेळेत तपासा. "धोका कमी" असा रिपोर्ट बघून ज्या घरात मच्छर कॉइल चालू राहील त्या घराचं नुकसानच झालं.

बाळ यायच्या आधीपासून

आईला दमा असेल तर गरोदरपणात तिचा पंप बंद करायचा नाही. हे मी ठळक सांगते कारण घरातले लोकच बंद करायला लावतात, "बाळाला औषध जाईल" म्हणून. इन्हेलरचं स्टिरॉइड अगदी थोडं, थेट श्वासनळीत जातं, पण आईला अटॅक आला आणि ऑक्सिजन कमी पडला तर ते थेट बाळाला भोवतं.

मग बाळंतपण, आणि आपल्याकडची धुरी. आंघोळ झाली की बाळाला आणि बाळंतिणीला शेक-शेगडी, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा, वेखंड, सगळी खोली धुराने भरलेली आणि दार लावलेलं. आज्या हे मायेने करतात, त्यांना दुखवायचं नाही, पण दम्याच्या घराण्यातल्या बाळाला धुरी नको म्हणजे नकोच. बाळाची श्वासनळी काडीएवढी असते. आजीला वंशावळीचा कागदच दाखवा, तिचाच गोल त्यात भरलेला असेल तर ती लवकर ऐकते, मी बघितलंय. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून, जरा लांब ठेवून. शेगडी वापरायचीच असेल तर बाळंतिणीने बाळाला दुसऱ्या खोलीत देऊन मग, आणि खिडकी उघडी.

मच्छर कॉइलचं तसंच. एक कॉइल जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ (फुप्फुसात खोल जाणारे अतिबारीक) कण बाहेर पडतात असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलंय. मच्छरदाणी लावा, जाळ्या बसवा. उदबत्ती, धूप, कापूर देवघरात दार-खिडकी उघडी ठेवून थोडा वेळ, बाळ झोपतं त्या खोलीत नाही. बाहेर जाऊन सिगारेट ओढून येणारे बाबा, ते कण कपड्यांवर आणि हातावर घेऊन परत येतात, तेव्हा सोडणं हाच उपाय.

अंगावरचं दूध पाजा, साध्या सर्दीला उठसूट अँटीबायोटिक देऊ नका, भिंतीला ओल आणि बुरशी असेल तर बाळ यायच्या आधी दुरुस्त करून घ्या, कोकणात-मुंबईत हे जास्त लागतं. इसब असेल तर कातडी कोरडी पडू देऊ नका. केळं, दही, भात बंद करायची काही गरज नाही, ज्या पदार्थाने खरोखर त्रास होतो तेवढाच टाळायचा.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला फुंकायची टेस्ट जमत नाही, तेव्हा डॉक्टर एक जुना पण चांगला आडाखा वापरतात, ॲरिझोनातल्या टूसॉनच्या मुलांवरून २००० साली बांधलेला. पहिल्या तीन वर्षांत छाती वारंवार वाजलेली, आणि त्यासोबत आई किंवा वडिलांना दमा नाहीतर मुलाला इसब यातलं एक, किंवा सर्दी नसताना छाती वाजणं, ॲलर्जीच्या शिंका, रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ४ टक्के किंवा जास्त यातले दोन, असं असेल तर पुढे दमा राहण्याची शक्यता चांगलीच. हे नसेल तर बहुतेक मुलं शाळेत जाईपर्यंत मोकळी होतात. बघा, यात पण घराण्याचाच प्रश्न पहिला आहे.

पाच-सहा वर्षांनंतर पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजायचं छोटं यंत्र, आणा, मेडिकलमध्ये मिळतं. उभं राहायचं, काटा शून्यावर, पूर्ण श्वास आत, ओठ घट्ट, आणि एकदम जोरात फूऽ, तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, दोन आठवडे. समजा सकाळी ३०० आणि संध्याकाळी ३६०, फरक ६०, दोघांची सरासरी ३३०, म्हणजे १८ टक्के चढउतार. रोजचा असा आकडा काढून दोन आठवड्यांची सरासरी मोठ्यांत १० आणि मुलांत १३ टक्क्यांच्या वर गेली तर दम्याची शक्यता धरून डॉक्टरकडे जायचं, ती वही आणि वंशावळीचा कागद दोन्ही घेऊन. पुढे स्पायरोमेट्री होते, पंप देऊन परत फुंकायला लावतात, पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्के आणि २०० मिलीने वाढली तर मोठ्या माणसात दमा बऱ्यापैकी पक्का.

निदान झालं की पंपाला घाबरू नका. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत आणि दम्याने जाणाऱ्यांत आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर, एवढी तफावत काही आपल्या जीनमुळे येत नाही, ती रोजचा पंप न घेतल्यामुळे, सवय लागेल या भीतीमुळे, आणि नुसत्या निळ्या पंपावर दिवस काढल्यामुळे येते. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचना पण सांगतात की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसता निळा पंप वापरूच नये, सूज कमी करणारं स्टिरॉइड त्यासोबत पाहिजेच. लहान मुलांना स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्या, नाहीतर निम्मं औषध घशातच बसतं. कोजागिरीची खीर श्रद्धेने खायची तर खा, पण त्या रात्री पंप चुकवू नका.

शेवटचं, कागदावर लाल पेन वापरा. ज्याला दम्यासाठी आयसीयूत ठेवावं लागलं, किंवा जो अटॅकमध्ये गेला, त्याच्याभोवती लाल गोल. घरात आत्ता असा लाल गोलवाला कोणी असेल तर त्याच्या औषधांची यादी फ्रिजवर लावून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला हे पाठ असू दे: एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, मूल सुस्त पडलंय, यातलं काहीही दिसलं की निळा पंप स्पेसरमधून ४ ते १० पफ, एकेक करून, पहिल्या तासात दर २० मिनिटांनी, आणि पहिला पफ देतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. त्याला आडवं झोपवू नका, पुढे वाकून बसू द्या.